फाटक्या मोज्याचा हिशेब

ज्येष्ठ महिन्यात शेगावहून निघालेली संत गजानन महाराजांची पालखी अकोला, पातूर करत घाट ओलांडते आणि मेडशीला वाशिम जिल्ह्यात शिरते. पुढे मालेगाव, शिरपूर, रिसोड असा जिल्हा पार करून ती सेनगावच्या बाजूनं मराठवाड्यात जाते. शेगाव ते पंढरपूर ही वाट या मार्गानं 700 किलोमीटरच्या आसपास भरते. माणसाचं एक पाऊल सरासरी 70 सेंटिमीटरचं धरलं, तर ही वाट म्हणजे दहा लाख पावलं. प्रत्येक पायाच्या वाट्याला पाच लाख. ऊन, पहिला पाऊस, तापलेलं डांबर आणि चिकट काळी माती यांच्यातून एकच टाच पाच लाख वेळा टेकवायची.

वारीवर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. अभंग, रिंगण, भक्ती, समता यांवर ग्रंथ आहेत. पण पाय आणि वहाण यांच्यामध्ये जे वीतभर कापड असतं, त्याच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. मोजा ही गोष्ट लिहिण्याजोगी वाटतच नाही. तरीही लांब चालणाऱ्याला विचारा, चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच्या मनात सगळ्यात मोठा प्रश्न कोणता असतो? हा मोजा अजून चालेल की टाकून द्यायचा?

गंमत अशी, की या प्रश्नावर बारा-तेराशे वर्षांपूर्वी बगदाद-कुफ्यातल्या विद्वानांनी डोकं खपवलं आहे. मोज्याला किती मोठं भोक पडलं म्हणजे तो मोजा राहत नाही, याची मोजमापं त्यांनी लिहून ठेवली. फिकहच्या ग्रंथांत यावर स्वतंत्र प्रकरण असतं. मदरशात शिकणारी मुलं ते पाठ करतात. पण ही चालणाऱ्या माणसांच्या इतिहासाची पानं आहेत, या नजरेनं त्यांच्याकडे क्वचितच पाहिलं जातं.

शब्दाची वाट

आधी शब्दापासून सुरुवात करू. मराठीतला ‘मोजा’ फारसीतल्या ‘मोज़ा’ वरून आला. फारसीत त्याचा मूळ अर्थ बूट, विशेषतः घोटा झाकणारा चामड्याचा बूट. दख्खनेत फारसी ही दरबाराची आणि लष्कराची भाषा होती, तेव्हा स्वाराच्या पायातला हा बूट शब्दासकट इथे आला. पुढे चामडं गेलं, सूत आलं. नाव तेच राहिलं. मराठीनं त्याला आणखी वाढवलं आणि ‘हातमोजा’ हा शब्द तयार केला. फारसीच्या मूळ अर्थानं पाहिलं तर तो ‘हाताचा बूट’ होतो!

उर्दूत दुसरा शब्द आहे ‘जुराब’. तो अरबी ‘जौरब’ चा भाऊ. तुर्कीत तोच ‘चोराप’ होतो. तिसरा शब्द ‘पायताबा’, म्हणजे पायाला गुंडाळायची पट्टी. या तीन शब्दांत पायाच्या आच्छादनाची तीन रूपं आली : चामड्याचा मोजा, विणलेला मोजा आणि नुसती गुंडाळलेली चिंधी. गरिबाच्या वाट्याला बहुतेक वेळा तिसरं रूपच आलं.

चिंध्यांची मोहीम

इस्लामच्या सुरुवातीच्या इतिहासात एक मोहीम ‘जातुर्रिका’ या नावानं ओळखली जाते. ‘रिका’ म्हणजे ठिगळं, चिंध्या. या नावाची कारणं इतिहासकारांनी वेगवेगळी दिली आहेत. सहीह बुखारीत हजरत अबू मूसा अशअरी यांच्याकडून आलेलं कारण सगळ्यात साधं आहे. सहा जणांत मिळून एक उंट होता. आळीपाळीनं बसायचं आणि उरलेला वेळ चालायचं. चालून चालून पाय फाटले, अबू मूसांची तर नखं गळून पडली. मग लोकांनी पायांना चिंध्या बांधल्या आणि पुढे निघाले. म्हणून ती चिंध्यांची मोहीम. हे सांगून झाल्यावर आपण केलेला त्याग बोलून दाखवला याचं अबू मूसांना वाईट वाटलं, असंही त्या कथनात आहे.

मला हा प्रसंग लढायांच्या वर्णनांपेक्षा जास्त बोलका वाटतो. एका धर्माच्या इतिहासात एका मोहिमेला तलवारीचं किंवा विजयाचं नाव न मिळता पायाला बांधलेल्या चिंध्यांचं नाव मिळालं. पुढे फकीहांनी मोज्याचे नियम लिहिले तेव्हा त्यांच्यासमोर ही चालणारी, तुटपुंज्या सामानाची पिढी होती.

तीन बोटांचं भोक

नमाजाआधी वुजू करताना पाय धुवावे लागतात. पण प्रवासात, थंडीत, पाणी कमी असताना दर वेळी चामड्याचे मोजे काढणं त्रासाचं. म्हणून सवलत आली, ‘मसह’ ची. वुजू करून मोजे घातले असतील, तर पुढच्या वुजूत ते न काढता वरून ओला हात फिरवला तरी चालतो. हजरत अली यांच्याकडून आलेल्या हदीसनुसार घरी राहणाऱ्याला ही मुभा एक दिवस-एक रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री. सुन्नी परंपरेतल्या चारही मजहबांनी ती मानली. शिया फिकहनं मात्र मोज्यावरचा मसह मान्य केला नाही.

सवलत आली की तिची हद्द ठरवावी लागते. कोणता मोजा ‘मोजा’ म्हणायचा? हनफी फकीहांनी अटी घातल्या. तो घोटे झाकणारा हवा. न बांधता पायावर टिकला पाहिजे. पाणी लगेच आत झिरपता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो घालून किमान एक फरसख चालता आलं पाहिजे. फरसख म्हणजे तीन अरबी मैल, आजच्या हिशेबानं साधारण साडेपाच किलोमीटर. म्हणजे मोज्याची कसोटी पाहण्यात नव्हती, चालण्यात होती. दुकानात कितीही सुंदर दिसला, तरी साडेपाच किलोमीटरमध्ये फाटणारा मोजा या हिशेबात बसत नव्हता.

मग आला भोकाचा प्रश्न. हनफी मत असं, की पायाच्या सगळ्यात लहान तीन बोटांएवढा भाग उघडा पडेल इतकं भोक असेल तर त्या मोज्यावर मसह चालणार नाही. त्याहून कमी असेल तर चालेल. पण इथेच ते थांबले नाहीत. एकाच मोज्याला चार लहान भोकं असतील तर त्यांची बेरीज करायची. एका पायाचं भोक दुसऱ्या पायाच्या भोकात मात्र मिळवायचं नाही. ज्यात दाभणसुद्धा शिरत नाही असं छिद्र मोजायचंच नाही. ती शिवण समजायची. घोट्याच्या वर मोजा फाटला असेल तर हरकत नाही. आणि फाटलेल्या कडा उभं राहताना मिटत असतील, पण चालताना उघडत असतील, तर चालतानाचं भोक खरं धरायचं.

हा शेवटचा नियम पुन्हा वाचून पाहा. कुठल्याही चालणाऱ्याला तो लगेच पटेल. मोजा हातात घेऊन पाहिला तर धड दिसतो. पायात घालून पाऊल उचललं, टाच ताणली गेली, की झिरझिरीत झालेली जागा उघडी पडते. मोज्याची तपासणी पायात आणि चालीत करायची, हे त्या फकीहांनी ओळखलं होतं.

बाकीच्या मजहबांचं मत वेगळं होतं. इमाम शाफई आणि इमाम अहमद यांच्या परंपरेत धुवायच्या भागातलं थोडंसंही भोक चालत नाही. मालिकी मत मधलं. भोक मोठं असेल तर नाही. दुसऱ्या टोकाला होते सुफियान सौरी. त्यांचं म्हणणं, की जोवर लोक त्याला मोजा म्हणतात आणि तो घालून चालता येतं, तोवर तो मोजाच. पैगंबरांच्या साथीदारांचे मोजे तरी कुठे धड होते, असा त्यांचा रोख होता. पुढे चौदाव्या शतकाच्या तोंडावर इब्न तैमिया यांनीही हीच बाजू घेतली. सवलत गरजवंतासाठी आहे, आणि गरजवंताचा मोजा फाटकाच असणार; मग फाटका मोजा बाद केला तर सवलत फक्त पैसेवाल्यापुरती उरते, हा या बाजूचा खरा मुद्दा आहे.

इमाम अबू हनीफा (मृत्यू इ.स. 767) हे कुफ्यातले कापडाचे व्यापारी होते. त्यांचं आधीचं मत असं, की विणलेल्या मोज्यावर चामडं लावलेलं असेल तरच मसह चालेल. त्यांचे शिष्य अबू युसूफ आणि मुहम्मद शैबानी म्हणत, की विणलेला मोजा जाड आणि टिकाऊ असला की पुरे. आयुष्याच्या शेवटी अबू हनीफा यांनी शिष्यांचं मत स्वीकारलं, अशी नोंद हनफी ग्रंथांत आहे. कापडाची पारख असलेल्या माणसानं कापडाबद्दलचं मत बदललं. मजहब म्हणजे दगडावरची रेघ समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगजेबाच्या आज्ञेनं ‘फतावा-ए-आलमगिरी’ तयार झाला. त्यातही मोज्यांवरच्या मसहचं प्रकरण आहे आणि तीन बोटांचं माप आहे. पुढे हाच बादशहा आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं दख्खनेत छावण्या हलवत राहिला. त्याच्या फौजांना धान्य पुरवणारे होते लमाण-बंजारे. त्यांचं आजचं सगळ्यात मोठं श्रद्धास्थान पोहरादेवी वाशिम जिल्ह्यातच, मानोरा तालुक्यात आहे. 1632 साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानं उत्तरेत 14,000 बैलांचा एक तांडा पाहिला होता. असा तांडा दिवसाला सहा-सात मैलांहून जास्त चालत नसे, असं तो नोंदवतो. बैलांच्या खुरांबरोबर बायका-मुलं-म्हातारे चालत. एवढं चाललेल्या समाजाच्या पायांचा हिशेब मात्र कुठल्याच ग्रंथात नाही.

वाशिम तसा चालणाऱ्यांचाच जिल्हा. मंगरूळपीर या नावातला पीर म्हणजे हजरत हयात कलंदर, आणि कलंदर म्हणजे घर सोडून फिरणारा फकीर. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला येणारे जैन मुनी आजही अनवाणी विहार करत येतात. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव, आणि त्यांचं आयुष्यही भ्रमंतीत गेलं. पायी येणाऱ्यांचं या मातीला अप्रूप नाही.

सैनिकाचा मोजा

विसाव्या शतकात मोज्याचा प्रश्न लष्करानं पुन्हा हाती घेतला. 1914च्या हिवाळ्यात पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत पाण्यात उभं राहून हजारो सैनिकांचे पाय सडले. त्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये हिंदी सैनिकही होते. उपाय काय निघाला? औषध नव्हतं. रोज बूट काढा, पाय पुसा, व्हेल माशाचं तेल चोळा आणि कोरडे मोजे घाला. हे होतंय की नाही हे पाहण्याची जबाबदारी अधिकाऱ्यांवर टाकली गेली. बदलायचा मोजा हा शिस्तीचा भाग झाला. बोटांपाशी शिवण न येऊ देता मोजा बंद करण्याचा विणकामातला एक टाका लॉर्ड किचनर यांच्या नावानं ओळखला जातो. हेच किचनर 1902 ते 1909 हिंदुस्थानचे सरसेनापती होते. बोटांवरची जाड शिवण म्हणजे चालणाऱ्याच्या पायाला फोड, हे तेव्हा विणकाम करणाऱ्या बायकांनाही ठाऊक झालं. रशियन सैन्यानं तर पायाला गुंडाळायची फडकी 2013 पर्यंत पूर्णपणे सोडली नव्हती.

तिकडे 1940 साली अमेरिकेत नायलॉनचे पायमोजे बाजारात आले. त्यानंतर मोज्याचा धागाच बदलला. आपला वऱ्हाड कापसाचा प्रदेश, त्यामुळे सुती ते चांगलं असं आपल्याला वाटतं. अंगातल्या सदऱ्यासाठी ते खरंही आहे. लांब चालण्यासाठी नाही. सूत घाम शोषतं आणि धरून ठेवतं. ओली कातडी कोरडीपेक्षा जास्त चिकटते, मोजा कातडीला ओढतो आणि आतल्या थरात फोड येतो. 1990 साली अमेरिकेत लांब पल्ल्याच्या धावपटूंवर झालेल्या एका अभ्यासात अॅक्रिलिक मोज्यांपेक्षा सुती मोज्यांनी जास्त आणि मोठे फोड आले, असं दिसलं.

भोक पडण्याआधी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मोजा कधी बदलायचा?

इथे एक घोटाळा टाळायला हवा. फकीहांचं तीन बोटांचं माप इबादतीच्या सवलतीचं माप आहे. या मर्यादेपर्यंत फाटका मोजा चालवून घेऊ, असं ते सांगतं. तोवर पाय सुरक्षित आहे, असं ते सांगत नाही. पायाचं नुकसान भोक पडायच्या बरंच आधी सुरू होतं. म्हणून चालणाऱ्याला दुसरा हिशेब ठेवावा लागतो.

मोज्यात हात घालून तो उजेडाकडे धरावा. टाचेखाली किंवा चवड्याखाली बोटं आरपार दिसली, की तो मोजा लांबच्या वाटेसाठी संपला. घरी, बाजारात वापरा, वारीला नको. वरचं इलॅस्टिक सैल होऊन मोजा बुटात घसरत असेल, तरीही संपला, कारण घसरलेल्या मोज्याची घडी टाचेखाली जाते. धुतल्यावरही तळवा कडक, गोळे आलेला लागत असेल, तर तो कातडीवर कानशीसारखा चालतो. रफू हे आपल्याकडे कसबाचं काम आहे आणि रफूगराचा मान मोठा आहे. पण टाचेवर रफू केलेला मोजा 20 किलोमीटरला पायात गाठ होऊन बसतो. तो घरी घालावा. आणि ओला मोजा धड असला तरी त्या दिवसापुरता बाद. दोन जोड हवेत : एक पायात, दुसरा धुऊन पिशवीवर वाळत. नवा कोरा मोजाही निघायच्या दिवशी पहिल्यांदा घालू नये. आधी दोन-तीन वेळा धुऊन, थोडं चालून पाहावं.

नमाजी माणसाला यात एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. वुजूत बोटांच्या मधून पाणी फिरवतात. नंतर घाईत तसाच मोजा चढवला, की तो ओलावा बोटांच्या बेचक्यांत दिवसभर राहतो. पाय पूर्ण पुसून, बेचक्या कोरड्या करून मगच मोजा घालावा. पण याचा एक फायदाही आहे. दिवसातून अनेकदा पाय उघडा होतो आणि नजरेसमोर येतो. मधुमेहाच्या माणसाला ही सवय मोलाची. त्याच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. फोड आला, फुटला, चिघळला, तरी कळत नाही. अशा माणसानं लांब चालताना फिकट रंगाचे मोजे घालावेत, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. त्याच्यासाठी झिजलेला मोजा म्हणजे थेट बोट गमावण्याचा धोका.

साध्या नायलॉनच्या मोज्यावर मसह चालतो की नाही, यावर आपल्या मशिदींत आजही वाद होतात. उपखंडातले बहुतेक हनफी उलेमा पातळ मोज्यावर नाही म्हणतात. अहले हदीस आणि अनेक अरब आलिम हो म्हणतात. हिवाळ्यात फजरच्या वेळी हा वाद विशेष रंगतो. दोन्ही बाजूंचे दाखले जुने आहेत आणि तो इथे मिटवायचा माझा इरादा नाही. पण या वादात एक गोष्ट हरवते. ही सगळी चर्चा ज्या माणसासाठी सुरू झाली होती, तो थकलेला, थंडीनं काकडलेला, पायी चालणारा मुसाफिर होता. त्याला सोपं व्हावं म्हणून नियम आले. सुफियान सौरींनी फाटक्या मोज्याची बाजू घेतली, ती त्यात चालणाऱ्या माणसासाठी.

पालखीच्या वाटेवर गावोगाव लोक पाणी, केळी, चहा, फराळ घेऊन उभे असतात. चर्मकार बांधव वारकऱ्यांच्या वहाणा फुकट शिवून देतात. यात सगळ्या जाती-धर्मांचे हात असतात, आणि हे विदर्भ-मराठवाड्यात नवीन नाही. आमच्या लोकांनी यंदा त्यात एका गोष्टीची भर घालावी. केळ्यांच्या पेट्यांशेजारी मोज्यांचं एक खोकं ठेवावं. निम्मे मध्यम मापाचे, निम्मे मोठे. बोटांपाशी जाड शिवण नसलेले, एकदा धुऊन वाळवलेले. बाजूला एक बादली पाणी, कोरडी फडकी आणि बसायला बाकडं. ज्याची टाच आरपार दिसते त्यानं बसावं, पाय धुवावेत, पुसावेत, जोड बदलावा आणि पुढे निघावं. जुना जोड ठेवून घ्यायचा आणि त्याबद्दल काही बोलायचं नाही. अबू मूसांनी ते आधीच शिकवून ठेवलं आहे.